विनोदकार की विनोदी लेखक?

प्रश्न असा होता की 'विनोदी लेखक' म्हटलं की माणूसच विनोदी वाटतो, मग 'विनोदकार' म्हणावं का, आणि मुळात विनोद शब्द आला कुठून.

आधी विनोद. बऱ्याच जणांना तो मोद, आमोद-प्रमोद यांच्यातला वाटतो, पण ते सगळे 'मुद्' धातूवरून आलेत, आनंद होणे. विनोदात आहे 'नुद्', म्हणजे ढकलणे, हाकलणे. अंधार घालवणारा तो तमोनुद, त्यातला हाच नुद्. म्हणजे विनोद म्हणजे मुळात दूर सारणं, शीण घालवणं. शाकुंतलात तिसऱ्या अंकात दुष्यंत म्हणतो की श्रमाने थकलेल्या जिवाला आता कुठे रमवू, तिथे क्रियापद 'विनोदयामि' आहे आणि हसण्याचा तिथे काही संबंध नाही, बिचारा विरहात आहे! 'काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्' यातही शहाण्या लोकांचा वेळ काव्यशास्त्राच्या रमणुकीत जातो एवढंच म्हटलंय, ते जोक सांगत बसतात असं नाही. हसवण्याचा अर्थ नंतर चिकटला आणि मराठीत तोच मुख्य झाला, हिंदीत मात्र मनोविनोद अजून करमणुकीच्या अर्थाने सर्रास चालतो.

आता लेखक. 'विनोदी लेखक' व्याकरणाने चूक नाहीये, ऐतिहासिक कादंबरीकार कुठे स्वतः ऐतिहासिक असतो, विशेषण त्याच्या लेखनाचं असतं हे आपण समजून घेतोच. तरी मला विनोदकार जास्त आवडतो कारण नाटककार, कथाकार यांच्यासारखाच तो 'कार' लावून झालाय, करणारा, घडवणारा, त्यात कसब दिसतं आणि स्वभावाचा प्रश्नच येत नाही. राम गणेश गडकऱ्यांचंच बघा ना, बाळकराम या नावाने त्यांनी लोकांना पोट धरून हसवलं, गोविंदाग्रज नावाने कविता केल्या आणि 'एकच प्याला' लिहून थिएटरात रडवलं, 1919 मध्ये गेले तेव्हा पस्तिशीही गाठली नव्हती. अशा माणसाला नुसतं विनोदी म्हणणं मला तरी जड जातं, विनोदकार म्हटलं की त्यांचं एक काम सांगितलं जातं आणि बाकीच्यांना जागा राहते.

विनोदवीर मात्र लेखकाला लावू नका, तो हल्ली टीव्हीवर आणि स्टेजवर हसवणाऱ्यांसाठी रुळलाय. आणि विदूषक तर वेगळाच, तो 'दूष्' वरून, दोष आणि दूषण ज्यातून आले त्यातलाच, म्हणजे खोड्या काढणारा, नावं ठेवणारा.