दुबईत वापरलेली जीसीसी क्रेटा घ्यावी की स्वस्तात मिळणारी अमेरिकन सेल्टोस?

क्रेटा घ्या.

खरं तर उत्तर इथंच संपतं. (जीसीसी म्हणजे आखाती देशांच्या बाजारासाठी, तिथल्या उन्हाच्या हिशोबानं बनवलेली गाडी. अमेरिकन स्पेक म्हणजे अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेली, तिकडून आणलेली.) पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय, "नात्यातले एक जण शारजाला गाड्यांचंच बघतात, ते म्हणतात अमेरिकन स्पेकला काही होत नसतं, उगं नऊ-दहा हजार दिरहम जास्त कशाला घालता." ही ओळ वाचली आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो. भाऊ, तुम्ही नांदेडचे, मी परभणीचा. तुमचे हे नात्यातले म्हणजे आमचे साडूच निघायचे.

मी शारजात राहून दुबईत नऊ वर्षं नोकरी केली, २००९ ते २०१८. काम चिलर मेंटेनन्सचं, म्हणजे धंद्यानं मी एसीवाला. आता परभणीत एसी-फ्रीजचं दुकान आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात साडूंपेक्षा माझी लाज जास्त आहे.

साडू माझ्या आधी शारजाला गेलेले. त्याआधी औरंगाबादजवळ वाळूजला सात वर्षं फिटर होते. तेवढ्या भांडवलावर, गाडीचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचाच. २०१० साली औरंगाबादकरांनी १५० मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या, आठवत असेल तुम्हाला, सगळ्या पेपरांत होतं. ते हे असं सांगतात जणू चाव्या यांनीच वाटल्या. रूमवर नवा माणूस आला की पहिल्या जेवणाला मर्सिडीज आणि दुसऱ्या जेवणाला "जगात जर्मनी, भारतात परभणी".

२०१६ ला बायको आणि पोरगी तिकडं आल्या. लायसन्सला मी तीनदा नापास झालो (आपलं तिथं चालत नाही, पुन्हा क्लास, पुन्हा टेस्ट, ते तुम्ही भोगलंच असेल). २०१७ च्या फेब्रुवारीत एकदाची गाडी घ्यायची ठरली. दोन बघून ठेवल्या होत्या. दोन्ही छोट्या एसयूव्ही, दोन्ही २०१४ च्या. एक जीसीसी, पांढरी, एजन्सीतच सर्व्हिस झालेली, ४०,००० दिरहम. दुसरी अमेरिकन, लालभडक, सनरूफ, लेदरच्या सीटा, ३१,०००. तेव्हा दिरहम अठरा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे फरक दीड लाखाच्या वर. कंपन्यांची नावं घेत नाही. दोष गाडी बनवणाऱ्याचा नव्हताच.

मी म्हणालो, "साडूभाऊ, तिकडून येणाऱ्या गाड्या ठोकलेल्या असतात म्हणे."

"ठोकलेली असती तर एवढी चमकली असती का? अन् उन्हाचं मला नका सांगू. परभणीच्या ४४ मधे आपली माणसं टेम्पो हाकतात, इथं काय वेगळा सूर्य हाय?"

मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा शब्द पाडायचा नाही म्हणून बायको गप्प. बायको गप्प म्हणून मी गप्प. एसी लावून बघितला, बर्फासारखा गार. फेब्रुवारीत! फेब्रुवारीत शारजात काच खाली केली तरी गारच लागतं. आयुष्य कंप्रेसरसोबत काढलेल्या माणसाच्या हे डोक्यात येऊ नये? वर स्पीडचा काटा मैलांमधे होता. तर साडू म्हणाले, "दीडनं गुणायचं, एवढं काय." घेतली.

मार्च, एप्रिल मजेत गेले. मेपासून दुपारी सिग्नलला थांबलं की एसीची हवा कोमट व्हायची, गाडी हलली की परत गार. हे लक्षण मी रोज दुसऱ्यांच्या मशिनीत बघत होतो. पुढचा कंडेन्सर गॅसमधली उष्णता बाहेर टाकतो. तो लहान असला किंवा पंखा कमजोर असला, तर उभ्या गाडीत उष्णता बाहेर पडत नाही, प्रेशर चढतं आणि कंप्रेसर कट होतो. दुसऱ्याचं असतं तर दहा मिनिटांत सांगितलं असतं. स्वतःच्या गाडीला "गॅस कमी झाला असेल" म्हणून तीन महिने ढकलले.

ऑगस्टात आई आली. पहिल्यांदाच विमानात बसलेली. तिनं शारजाच्या टू-बीएचकेत महालक्ष्म्या बसवल्या. सोळा भाज्या कुठून जमवल्या देव जाणे, पण जमवल्या. महालक्ष्म्या उठल्या आणि लगेच बकरी ईदची सुट्टी लागली. १ सप्टेंबर, शुक्रवार. म्हटलं आईला समुद्र दाखवू. समुद्र शारजातही होता, पण साडू म्हणाले खोरफक्कानचा वेगळा. दोन गाड्या निघाल्या, त्यांची पुढं, आमची मागं. मागच्या सीटवर आई, पोरगी आणि उरलेल्या पुरणपोळ्यांचा डबा.

धैद गेलं आणि मसाफीच्या अलीकडं चढाला एसी मेला. कोमट नाही, मेलाच. पाच मिनिटांत टेंपरेचरचा काटा वर. फ्रायडे मार्केट म्हणतात तिथं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गालिचे आणि फळांची दुकानं, तिथं कशीबशी गाडी बाजूला घेतली तर बॉनेटमधून वाफ. ईदमुळं अर्धी दुकानं बंद. साडूंचा फोन लागेना, ते डोंगरापलीकडं गेलेले. पोरगी रडून रडून लाल झाली. एका मलयाळी फळवाल्यानं काही न विचारता आईला आणि पोरीला आपल्या पंख्यासमोर बसवलं, कलिंगड कापून दिलं, आणि पैसे घ्यायला तयार होईना. आईनं त्याला पुरणपोळी दिली. मग पदरानं तोंड पुसत माझ्याकडं बघून म्हणाली, "यापरीस आपली गंगाखेडची एस्टी बरी की रे. खिडकी तर उघडती."

तीन तासांनी रिकव्हरी, म्हणजे गाडी ओढून नेणारा ट्रक, आली. गाडी सनायात, म्हणजे तिथल्या औद्योगिक भागात, नेऊन टाकली. गॅरेजं रविवारी उघडली. पठाण मिस्त्रीनं बंपर काढला आणि मलाच हाक मारली. रेडिएटर आणि कंडेन्सर दोन्ही बाजारातले हलके, मापाला बारीक, तारेनं बांधलेले. पुढचा आडवा पत्रा वेल्डिंग केलेला. ड्रायव्हरची एअरबॅग नव्हतीच, नुसतं झाकण, आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटू नये म्हणून मागं तार जोडून ठेवलेली. मी सहा महिने त्या झाकणासमोर बसून १२० नं हायवेला पळवत होतो, मागं लेकरू बसवून.

अमेरिकेत ठोकलेली गाडी विमा कंपनीनं भंगारात काढली की ती लिलावात जाते. तिथून कंटेनरनं शारजाला, इथं पत्रा, रंग, पॉलिश. चेसिस नंबर टाकला की थोडक्या पैशात तिचा तिकडचा सगळा इतिहास निघतो, हे मला रविवारी कळलं. फोटोसकट निघाला. समोरचा चेंदा झालेला. तो फोटो मी साडूंना पाठवला. त्या आठवड्यात टीव्हीवर ह्यूस्टनचं हार्वे वादळ चालू होतं, गाड्या टपापर्यंत पाण्यात. साडूंचं उत्तर आलं, "बघा आता, दोन-तीन महिन्यांत अजून स्वस्त येतील."

दुरुस्तीला ३,८०० दिरहम गेले, एअरबॅगेचे वेगळे. तरी हे सगळं मी गिळलं असतं. खरा दणका पुढं बसला, आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा आहे.

२०१८ च्या एप्रिलमधे कंपनीनं आमचं डिपार्टमेंट बंद केलं. व्हिसा कॅन्सल झाला की तेव्हा ३० दिवस मिळायचे. त्या तीस दिवसांत घर सोडायचं, सामान विकायचं, पोरीच्या शाळेचं बघायचं आणि गाडी काढायची. गिऱ्हाईक यायचं, लाल रंगावर खूश व्हायचं, मग टेस्टिंग सेंटरला न्यायचं आणि रिपोर्टवर चेसिस रिपेअर वाचलं की नमस्कार. असे अकरा जण गेले. माझ्याच डिपार्टमेंटच्या एका तमिळ सहकाऱ्याची साधी, पांढरी, सनरूफ नसलेली जीसीसी गाडी चार दिवसांत गेली. माझी सत्ताविसाव्या दिवशी १२,५०० ला एका डीलरनं उचलली. ३१ ची गाडी, चौदा महिन्यांत. वाचलेले नऊ हजार कुठं गेले ते साडूंनी मला अजून मांडून दाखवलेलं नाही. उलट गेल्या महिन्यात मेहुण्याच्या लग्नात पंगतीत बसून म्हणाले, "गाडी चांगलीच होती, यांना ठेवता आली नाही."

तर परदेशात गाडी बघताना आधी मनात ती विकून बघायची. तिथं आपण व्हिसावर असतो, गाडीही व्हिसावरच असते. आता मुदत पूर्वीपेक्षा जास्त मिळते, पण घाईत विकणाऱ्याला भाव तेव्हाही नव्हता, आताही नसणार.

आता तुमच्या दोघी. क्रेटा आणि सेल्टोस एकाच घरातल्या जावा आहेत, ह्युंदाई आणि किया एकाच ग्रुपच्या, खालचा सांगाडा मोठ्या प्रमाणात सारखा. चालवण्यात कुठली भारी यावर तुम्ही प्रश्नात तीन परिच्छेद लिहिलेत, मला त्यात रस नाही. क्रेटा अमेरिकेत विकलीच जात नाही, त्यामुळं ह्या भानगडीची क्रेटा तुमच्या वाट्याला येत नाही. सेल्टोस तिकडं विकली जाते, आणि ती कोरियातून जाते, म्हणून तिचाही चेसिस नंबर ‘के’ नं सुरू होतो; ‘के’ आहे म्हणजे बिनधोक असं कुणी सांगितलं तर हसू नका, सरळ उठा. पुढच्या दिव्यांच्या कोपऱ्यात नारिंगी मार्कर आणि मीटरवर ठळक मैल दिसले की ती तिकडचीच. जीसीसी सेल्टोस मिळत असेल तर मग मात्र दोन्हींपैकी जिचं सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून जवळ, ती घ्या.

बघायला जाल तेव्हा दुपारी दोनला जा. इंजिन चालू, एसी फुल, गाडी उभी, वीस मिनिटं. एसी गारच राहिला तर पुढं बोला. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, आठवडा आणि साल असतं. नक्षी नवी दिसली तरी पाच वर्षांच्या पुढचा टायर त्या डांबरावर फुटू शकतो. कर्ज काढणार असाल तर २० टक्के हातचे लागतात हे माहीत असेलच. पण कर्ज फिटल्याशिवाय मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीकार्ड, दुसऱ्याच्या नावावर होत नाही, निघायच्या गडबडीत हे नडतं. पांढरा रंग घ्या. बायकोला लाल आवडला तर सांगा की परभणीच्या एसीवाल्यानं नाही म्हटलंय.

पुढं भारतात आणायचा विचार सोडा. स्टिअरिंग डावीकडं असलेली गाडी आपल्याकडं आणू देत नाहीत, वापरलेली तर तीन वर्षांपेक्षा जुनीही चालत नाही. नांदेडला हीच गाडी उजव्या स्टिअरिंगची शोरूमला उभी आहे की.

आणि हो, हे सगळं २०१७-१८ चं. अमेरिकेतून आलेली प्रत्येक गाडी ठोकलेली असते असं नाही. फिनिक्सलाही शारजासारखीच भट्टी असते आणि तिथं गाड्या चालतात. कागद स्वच्छ असलेली, एखाद्यानं स्वतः सोबत आणलेली गाडी असेल तर मला कदाचित पटेलही. पण तुमच्या नात्यातल्यांना आधी तो चेसिस नंबर मागा. "कशाला पाहिजे?" म्हणाले तर ते कोण आहेत मला कळवा. रेडिएटरची पावती मी अजून ठेवलीय.