सिरॅमिक टाइल बनवण्याचं काम यंत्रावर आणण्याचं श्रेय कोणाला द्यावं?

माझ्या मते पहिला मान रिचर्ड प्रॉसरचा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा हा इंजिनिअर. 1840 साली त्याने पेटंट घेतलं ते खरं तर बटणं बनवण्यासाठी! पण युक्ती अशी होती की टाइलचा सगळा धंदाच बदलला.

तोवर ओल्या मातीची टाइल साच्यात घालायची, मग कित्येक दिवस सुकवायची. सुकताना पाणी उडून माती आक्रसते, तीही सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे टाइल वाकायची, तडकायची. प्रॉसरने मातीची जवळपास कोरडी पूड धातूच्या साच्यात भरली आणि स्क्रू प्रेसने जोरात दाबली. पाणीच कमी, म्हणून आक्रसणंही कमी, आणि प्रत्येक टाइल एकाच मापाची. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने या पेटंटमध्ये हिस्सा घेतला आणि मोठं उत्पादन सुरू केलं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर पायाखाली नक्की बघा, तिथे मिंटनच्या टाइल आहेत.

प्रेस तेव्हा माणूसच फिरवायचा, हे खरं. पण माप एकसारखं झालं नसतं तर पुढे पट्ट्यावरून टाइल सरकवणारी यंत्रं चाललीच नसती. आजचे हायड्रॉलिक प्रेससुद्धा पूडच दाबतात.

नक्षीचं काम यंत्रावर वेगाने नेलं ते इटलीच्या फ्रँको स्टेफानीने. त्याच्या रोटोकलर यंत्रात (1994) लेझरने कोरलेले सिलिकॉनचे रोलर चालत्या टाइलवर रंग उमटवतात.