समाचाराला उशीर झाला म्हणून

"आता कुठल्या तोंडाने जाऊ?" दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे. बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले. गावातलं एखादं घर, नात्याचं नसलेलं पण सख्ख्याहून जवळचं, मागे सुटलेलं असतं आणि आता तिकडून बोलावणं आलेलं असतं. अशाच एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

त्या लालबागच्या, वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात होते. महिन्यांवर महिने गेले तशी कित्येकांनी बायकापोरं गावी पाठवली. यांचं कुडाळजवळचं घर भाऊबंदकीत अडकलेलं, म्हणून आई आणि दोन मुलं वडिलांच्या मित्राकडे राहिली. हे काका पूर्वी मुंबईत गावकरी मंडळाच्या, म्हणजे एकाच गावच्या कामगारांच्या सामाईक खोलीत वडिलांच्या शेजारी पथारी टाकायचे. छातीच्या दुखण्याने गिरणी सोडून आधीच शेतीवर परतले होते. त्यांच्या घरी दोन पावसाळे गेले. सकाळची पेज, रात्री कुळथाची पिठी, काकींनी घातलेल्या घट्ट वेण्या. ताईंना सगळं आठवत होतं.

मग मुंबई. वडिलांना कुठेतरी रखवालदारी मिळाली, पत्रं विरळ होत थांबली. पुढे काका वारल्याचा निरोप आला तेव्हा ताईंच्या मुलीची दहावी होती. समाचाराला जायचं राहिलं. वर्ष उलटलं, आणि मग उशीर झाला हेच न जाण्याचं कारण होऊन बसलं.

आता काकींच्या मुलाचा फोन आला होता. आई थकली आहे, तुझी आठवण काढते, एकदा येऊन जा. ताईंनी कोकणकन्येचं तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं. रद्द केल्यावर रात्री झोप लागायची, असं त्या म्हणाल्या. हे नीट समजून घ्यायला हवं. टाळलं की छाती हलकी होते, आणि मन त्या हलकेपणालाच सुटका समजतं. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते, कारण ती खरी होती की नव्हती हे कधी तपासलंच जात नाही.

मी विचारलं, "गेलात तर काय होईल?"

"काकी बोलतील."

"काय बोलतील?"

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "काहीच बोलणार नाहीत. पान वाढतील. तेच मला सोसणार नाही."

त्यांनी पन्नास हजारांचं पाकीट तयार ठेवलं होतं. ते दिल्यावर कसं वाटेल, असं विचारलं. "मोकळं." आणि काकींना? याचा विचार त्यांनी केला नव्हता. पैसे देण्यात गैर काही नाही, पण पहिल्याच भेटीत हातावर ठेवलेलं पाकीट दोन पावसाळ्यांचा हिशेब मिटवायला आल्यासारखं दिसतं. ते नंतर बघू, असं ठरलं.

"अपराधी वाटून घेऊ नका," असं मी त्यांना म्हटलं नाही. जायला हवं होतं, गेल्या नाहीत, हे खरंच होतं. आम्ही फक्त वाक्य तयार केलं: "काकी, काका गेले तेव्हा मी यायला हवं होतं. आले नाही, माझं चुकलं." दहावीचं कारण जोडायचं नाही. एकदा बोलायचं आणि मग त्यांच्या वर्षांबद्दल विचारायचं. चतुर्थीला जाऊ नका, घर भरलेलं असतं, काकींना तुमच्याजवळ टेकायलाही मिळणार नाही, हेही सांगितलं. मुलाला आधी फोन करून कोण कोण गेलं ते विचारून घ्या. राहायचं एकच रात्र.

(ज्या घरात लहानपणी मार किंवा त्याहून वाईट काही सोसलं, तिथे परतण्याचा प्रश्न अगदी वेगळा आहे. हे सगळं त्या घरांसाठी नाही.)

ताई डिसेंबरात जाऊन आल्या. काकींनी दारातच "इलंस?" म्हणून हात धरला, पण हाक मारली ती ताईंच्या आईच्या नावाने. ताईंनी दुरुस्त केलं नाही. ठरवलेलं वाक्य बोलल्या. काकींना कितपत उमगलं कोण जाणे. त्या फक्त पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

रात्री खळ्यात मुलगा म्हणाला, "तुम्ही होतात तेव्हा आमचंही कठीणच होतं. भात पुरायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा त्याच वर्षी सुटली." आवाजात राग नव्हता. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर ताई माझ्यासमोर खूप रडल्या. त्या गेल्या होत्या माफी मिळेल या आशेने, आणि कळलं ते असं की त्यांच्या ताटातल्या भाताची किंमत दुसऱ्याच एका मुलीने मोजली होती. मला मात्र वाटतं, त्या घराने त्यांना पाहुणी मानलं नाही. पाहुण्याला कोणी हे सांगत नाही.

ती मुलगी आता साठीला आली आहे. लग्न होऊन नालासोपाऱ्याला आली, त्याला पस्तीस वर्षं झाली. दादरहून विरार लोकलने तासाभराचं अंतर.

"तिला काय सांगू?" ताईंनी विचारलं. यावेळी आम्ही वाक्य तयार केलं नाही. निघताना काकींनी लेकीसाठी म्हणून कुळथाच्या पिठाची पिशवी त्यांच्याकडे दिली होती. रविवारी ती पोचवायला त्या जाणार आहेत.