रोजच्या शहरी वापरासाठी 100 सीसी की 125 सीसी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: रोज शहरात सुमारे 30 किलोमीटर फिरणे होते, परतीच्या वाटेवर बहुतेक वेळा मागे एक जण बसतो, खर्च आवाक्यात ठेवायचा आहे आणि म्हणून सर्वांत जास्त ॲव्हरेज देणारी 100 सीसीची मोटारसायकल घ्यावी, की थोडी महाग असलेली 125 सीसीची. माझे मत आधीच सांगतो. आपल्या वापरासाठी 125 सीसीची साधी, बारीक टायरची, कमी वजनाची गाडी घ्यावी. मागे कोणी बसत नसते आणि रस्ता सपाट असता, तर मी बिनदिक्कत 100 सीसी सुचवली असती.

ॲव्हरेजचा आकडा आपण ज्या रीतीने वाचतो, तीच रीत थोडी फसवी आहे. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, यापेक्षा ठरावीक अंतराला किती लिटर लागले हे पाहिले, तर चित्र बदलते. महिन्याचे 25 दिवस धरले, तर आपले वर्षाचे अंतर 9,000 किलोमीटर होते. प्रत्यक्ष रहदारीत एखादी 100 सीसी गाडी 65 चे आणि 125 सीसी गाडी 55 चे ॲव्हरेज देते असे धरू. पहिलीला वर्षाला सुमारे 138 लिटर पेट्रोल लागेल आणि दुसरीला सुमारे 164 लिटर, म्हणजे फरक महिन्याला जेमतेम दोन लिटरचा. याउलट 30 चे ॲव्हरेज देणारी गाडी सोडून कोणी 40 ची घेतली, तर त्याच अंतरात तब्बल 75 लिटर वाचतात. आकड्यांतला फरक दोन्हीकडे दहाचाच आहे, पण ॲव्हरेज जसे वर जाते तसा प्रत्येक वाढीव किलोमीटरचा फायदा आटत जातो. 60 च्या पुढच्या आकड्यांसाठी होणारी चढाओढ म्हणूनच मला खरेदीच्या दृष्टीने फारशी महत्त्वाची वाटत नाही.

शिवाय तो दोन लिटरचा फरकही एकट्याने सपाट रस्त्यावर चालवल्यासच टिकतो. साध्या 100 सीसी इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा ओढीचा जोर, साधारण 8 न्यूटन-मीटर असतो, तर 125 सीसीचा 10 ते 11 च्या आसपास. मागे माणूस बसलेला असताना उड्डाणपुलाच्या चढावर पुढचे वाहन हळू झाले, की लहान इंजिनाला गिअर उतरवावा लागतो, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) जवळजवळ पूर्ण पिळावा लागतो आणि बरेच जण त्याच वेळी क्लच अर्धा दाबून गाडी ओढतात. अर्ध्या क्लचवर इंजिनाने निर्माण केलेल्या शक्तीचा काही भाग चाकापर्यंत न पोहोचता क्लचप्लेटच्या घर्षणात उष्णता होऊन जातो. मोठे इंजिन तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या थ्रॉटलवर काढते. ताशी 15 ते 40 किलोमीटरच्या पट्ट्यात गाडी कशी ओढते हेच शहरात महत्त्वाचे असते. कमाल वेग आणि कमाल अश्वशक्ती यांचा येथे जवळजवळ उपयोग नाही.

कंपनीने जाहीर केलेल्या आकड्याबद्दल एवढेच सांगतो की तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगचक्रानुसार मोजला जातो. त्यात खड्डे, कमी हवेचे टायर किंवा सिग्नलवरची धक्काबुक्की नसते. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी तो उपयोगी आहे, आपल्या पेट्रोलखर्चाचा अंदाज बांधण्यासाठी नाही. खरा आकडा हवा असेल तर टाकी पूर्ण भरावी, निम्मी रिकामी होईपर्यंत चालवावी, त्याच पंपावर गाडी त्याच स्टँडवर उभी करून पुन्हा तितकीच भरावी आणि असे निदान तीन वेळा करून सरासरी काढावी. गाडीच्या मीटरवर दिसणारे ॲव्हरेज मी फक्त कल पाहण्यापुरते विचारात घेतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे यानेही आकडा हलतो, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

गाडी निवडताना इंजिनाच्या खालोखाल मी वजन आणि ब्रेक पाहतो. रहदारीत गाडी दर मिनिटाला थांबते आणि प्रत्येक वेळी तेवढे वजन पुन्हा शून्यापासून वेगात आणावे लागते. त्यामुळे दिसायला भारदस्त म्हणून जाड टायर आणि मोठमोठी प्लास्टिकची आवरणे असलेले मॉडेल घेऊ नये. मात्र पुढचा डिस्क ब्रेक मिळत असेल तर त्यासाठी जादा पैसे जरूर द्यावेत, विशेषतः मागे माणूस बसणार असेल तर. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद करून क्लच दाबताच सुरू करणारी सोय उपयोगी आहे, पण केवळ तिच्यासाठी महाग मॉडेल घेण्याचे कारण नाही. सिग्नलवर इंजिन हाताने बंद करणे कोणत्याही गाडीत जमतेच.

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय असल्यास ती नव्या गाडीवर मोडावी लागेल. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी इंजिनात पेट्रोल मोजून फवारणारी फ्युएल इंजेक्शन प्रणाली असते आणि अशा बहुतेक प्रणालींमध्ये थ्रॉटल पूर्ण सोडला आणि गाडी गिअरमध्ये असली, की इंजिनाला होणारा पेट्रोलचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते आणि इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलपंप सहसा टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो, त्यामुळे टाकी सतत तळाशी ठेवून चालवणे टाळावे.

देखभालीत टायरमधली हवा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ती आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी आणि मागे कोणी बसणार असेल तर पुस्तिकेत दिलेला जास्तीचा दाब ठेवावा. तेल बदलताना डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (मोटारसायकलच्या तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेले आहे याची खात्री करावी. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्या तेलातच फिरतो, त्यामुळे घर्षण कमी करणारी रसायने असलेले चारचाकीचे तेल घातल्यास तो घसरू शकतो. सर्व्हिसिंगनंतर ॲव्हरेज अचानक पडल्याची तक्रार मी अनेकदा ऐकतो आणि त्यात बऱ्याचदा मागचा ड्रम ब्रेक किंवा चेन प्रमाणाबाहेर ताणलेली निघते. गाडी मुख्य स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. ते लगेच अडून थांबले तर ब्रेक घासतो आहे, आणि तो तिथल्या तिथे सैल करून घ्यावा.

खरेदीपूर्वी दोन्ही गाड्या चालवून पाहाल, तेव्हा मागे बसणाऱ्या व्यक्तीला बरोबर न्या. रिकाम्या रस्त्यावर वेग वाढवून पाहण्याऐवजी एखाद्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी 15 च्या वेगावरून क्लच न दाबता थ्रॉटल वाढवा. 100 सीसीची गाडी तेथे न गचकता उचलत असेल आणि मागे बसणाऱ्याला सीट पुरत असेल, तर माझे वरचे मत बाजूला ठेवून तीच घेण्यास हरकत नाही.