कोल्हापुरात राहून माहितीशास्त्रात एम.लिब. आणि पीएच.डी. करावी का?

मराठी विषय घेऊन बी.ए. झाल्यावर शिवाजी विद्यापीठातून ग्रंथालय व माहितीशास्त्र करावे का आणि पुढे त्यात संशोधनाला वाव आहे का, असे आपण विचारले आहे. मी याच विषयात येथे एम.लिब. (पदव्युत्तर पदवी) आणि नंतर पीएच.डी. केली. माझे उत्तर होकारार्थी आहे. अट एवढीच की संशोधनाचा विषय आपण स्वतः, विचारपूर्वक निवडावा.

प्रवेशाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे १९३१ चे पाच सिद्धांत पाठ करून परीक्षेपुरते निभावते. वर्गीकरण आणि तालिकीकरणाला (पुस्तकांच्या सूचीनोंदी करण्याला) मात्र हात बसावाच लागतो. कोहा ही ग्रंथालयाचे कामकाज चालवणारी संगणक-प्रणाली मोफत मिळते, ती घरच्या संगणकावर चालवून पाहावी.

संशोधनाकडे वळण्यापूर्वी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, या विषयातील प्रबंध चाळावेत. अमुक जिल्ह्यातील महाविद्यालये, तेथील ई-साधनांचा वापर, एक प्रश्नावली आणि शेवटी टक्केवारीचे तक्ते, हा साचा आपल्याला पुन्हा पुन्हा भेटेल. त्यात आणखी एकाची भर घालण्यात मला अर्थ दिसत नाही. आपण मराठीचे पदवीधर आहात, ही येथे मोठी जमेची बाजू आहे, कारण मराठी मजकूर संगणकावर शोधणे हा अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे. ‘कऱ्हाड’मधील अर्धा ‘र’ एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. पडद्यावर अक्षर तेच दिसते, पण आतील संकेतांक वेगळे असल्याने एका प्रकारे नोंदवलेले पुस्तक दुसऱ्या प्रकारे शोधणाऱ्याला सापडेलच असे नाही. ‘विहीर’ शोधणाऱ्याच्या हाती ‘विहिरीतील’ लागत नाही. त्यात १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांच्या शीर्षकपृष्ठांवर ‘पत्रें’, ‘नाटकें’ असे अनुस्वार छापलेले असतात आणि आजचा वाचक ते टंकत नाही. (नोंद करणाऱ्याने अनुस्वार ठेवावा की गाळावा, यावर ग्रंथपालांचे एकमत होताना मी तरी पाहिलेले नाही.) अशा जुन्या पुस्तकांसाठी लांब जायला नको, १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर गावातच आहे. शोधप्रणाली तपासून पाहण्यासाठी ‘फायर’ या भारतीय उपक्रमाने २००८ पासून मराठीचे चाचणीसंचही (मजकूर आणि त्यावरचे नमुना प्रश्न) तयार केले आहेत. या कामाला पायथॉन ही संगणकभाषा थोडी लागेल; पण व्याकरण येणाऱ्याला पायथॉन शिकणे हे संगणकवाल्याने मराठी व्याकरण शिकण्यापेक्षा सोपे जाते, असे माझे मत आहे.

पीएच.डी.ला नियमानुसार किमान तीन वर्षे धरावीत. नोकरीचे म्हणाल तर महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी साधारणपणे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावी लागते, तेव्हा एम.लिब.च्या शेवटच्या वर्षातच तिचा अर्ज भरून टाकावा आणि भरती निघण्याची वाट पाहत तयारी लांबवू नये.