‘लंचन’ म्हणजे लंच की आणखी काही?

आमंत्रणपत्रिकेवर ‘लंच’ऐवजी ‘लंचन’ का छापलं असेल आणि हा शब्द आला कुठून, असं तुम्ही विचारलंय. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो ‘लंघन’ वाचला होता. म्हटलं, बोलावून उपाशी ठेवणार की काय!

आज लंचन म्हणजे दुपारचं औपचारिक जेवण: पाहुणे, भाषणं, ठरलेल्या खुर्च्या. पण सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत लंचन म्हणजे पावाचा किंवा चीजचा जाडसर तुकडा. आपल्याकडचा चतकोरच म्हणा ना. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात अर्थ दिलाय तोही ‘हातात मावेल एवढं अन्न’ असा.

मग चतकोराचं जेवण कसं झालं? त्याआधीपासून इंग्रजीत ‘नंचन’ असा शब्द होता. त्यातल्या ‘नन’चा संबंध ‘नून’शी, म्हणजे दुपारशी, आणि ‘शेंच’ म्हणजे पेयाचा घोट. थोडक्यात, दुपारचा घोट. लंचनचं रूप याच्यावरून घडलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींना त्यात तुकडा या अर्थाचा स्पॅनिश ‘लोन्हा’ दिसतो. गंमत म्हणजे ‘नून’सुद्धा मुळात बाराचा नव्हे. लॅटिन ‘नोना’, म्हणजे सूर्योदयापासूनचा नववा तास, साधारण तीनचा सुमार. तो सरकत सरकत बारावर आला. आपला मध्याह्न मात्र नावाप्रमाणे दिवसाच्या मध्यावरच राहिला.

खरं कारण घड्याळात आहे. इंग्लंडात ‘डिनर’ हे दिवसातलं मुख्य जेवण आणि ते दुपारीच असे. अठराव्या शतकात बड्या घरांतून ते संध्याकाळकडे ढकललं गेलं. मधल्या वेळेला पोटात कावळे ओरडायला लागले आणि ती जागा लंचनने घेतली. (तिकडे शाळेतल्या दुपारच्या जेवणाला अजूनही ‘स्कूल डिनर’ म्हणतात, ते जुन्या रीतीमुळेच.) पुढे एकोणिसाव्या शतकात या जेवणाला आखूड करून ‘लंच’ म्हणू लागले, तेव्हा कित्येकांना ते उथळ वाटलं होतं. आता लंच घरोघरी आहे, आणि लंचन उरलंय पत्रिकांवर नि डबाबंद मांसाच्या डब्यांवर.

मराठीत मी ‘स्नेहभोजन’ लिहीन, फक्त त्यात वेळ कळत नाही, म्हणून ‘दुपारी’ जोडावं लागेल. आणि तुमच्या पत्रिकेवर इंग्रजी धाटणीने ‘१२.३० फॉर १’ असं असेल, तर साडेबाराला पोहोचा. पानं एकला वाढतील.