पिकअपचं इंजिन खोलण्याआधी

प्रश्न : रत्नागिरीहून पेट्या भरून आंबा घाट चढताना बोलेरो पिकअप तापली, पाणी उडालं. एक मिस्त्री म्हणतो हेडचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) काम, 22 हजार. दुसरा फुल इंजिन, म्हणजे पूर्ण इंजिन खोलून नव्याने बांधायला सांगतो, 90 हजार. कुणाचं ऐकू?

उत्तर : अजून कुणाचंच नको, कारण दोघांनीही काही मोजलेलं नाही. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ दिसतंय का, म्हणजे त्यात पाणी मिसळलंय का बघा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून मग गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) उडालंय किंवा हेडला तडा गेलाय. एवढंच असेल तर काम वरच्या वर भागतं. पण ऑइलचं झाकण काढल्यावर तिथून धूर मारत असेल, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन असेल आणि सायलेन्सरला निळा धूर असेल, तर काम पिस्टनच्या रिंग आणि लायनरपर्यंत (सिलिंडरच्या आतल्या नळीपर्यंत) गेलंय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या.

हेड उतरवलं की लेथवर (लेथ मशिनच्या वर्कशॉपमध्ये) त्याची प्रेशर टेस्ट होऊ द्या, पट्टी लावून सपाटी बघू द्या. लायनर बोअर गेजने मोजतात, बोटाने चाचपून नाही. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) झिजला असेल तर 0.25 किंवा 0.50 मिमी ग्राइंड होतो आणि बेअरिंगही त्याच मापाचे लागतात. ही मापं कागदावर लिहून मागा. कागद नसेल तर 90 हजार हा नुसता अंदाज आहे.

आणि गाडी तापली कशामुळे? थर्मोस्टॅट, वॉटर पंप, चोक झालेला रेडिएटर यांतलं कारण सापडलं नाही, तर नवं गॅस्केटही पुढच्या घाटात उडेल.

प्रश्न : सुटे भाग मीच आणून देतो, तरी मजुरी एवढी का? (लासलगाव)

उत्तर : फुल इंजिनला गिअरबॉक्स सुटा करावा लागतो. रेडिएटर, होस, वायरिंग, डिझेल लाइन सगळं काढून परत जोडायचं असतं. मधले दिवस लेथवाल्याकडे जातात आणि त्याचं बिल वेगळं असतं. खरं कसब बांधताना लागतं : रिंगची गॅप, बेअरिंगची फट, हेडचे बोल्ट मधून बाहेर क्रमाने टॉर्क रेंचने आवळणं. मजुरीत फार घासाघीस केलीत तर नेमकी इथेच घाई होते, मग गाडी पुन्हा खोलावी लागते आणि भाडंही बुडतं. माल तुमचा असेल तर मिस्त्री सहसा फक्त कामाची गॅरंटी देतो, हे आधीच बोलून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे, तेव्हा पक्कं बिल घ्या. सदोष माल परत करायला तेच लागतं.

प्रश्न : जुन्या बाजारातलं तयार इंजिन स्वस्त पडतंय. बसवू का?

उत्तर : चालू करून दाखवत असतील आणि ज्या गाडीतून काढलं तिचे कागद देत असतील तरच विचार करा. इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. ते राहिलं तर विम्याचा क्लेम अडकू शकतो आणि गाडी विकतानाही नंबर जुळत नाही. कागद मिळत नसतील तर मी तरी आपलंच इंजिन बांधून घेईन, चार पैसे जास्त गेले तरी.